चौदा मिलिमीटर खोल

माझ्या जोडात खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी तीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो. आमची ही दरवेळी म्हणायची, असं बोलू नये, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी कशाला ऐकतोय! शेवटी तो माणूस कधीचाच जन्मलेला निघाला, आणि कुठे, तर माझ्याच घरी. चोवीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवत होती ती.

मी वेल्डर. ज्या लांबलचक पोलादी तुळयांवर पूल उभा राहतो, ते गर्डर आमच्या कारखान्यात तयार होतात. चाळीस मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेटा समोरासमोर ठेवायच्या आणि मधली खाच थरावर थर चढवून भरत आणायची. एका जोडाला कधीकधी दीड दिवस जातो. जोड पुरा झाला की शेजारी आपला नंबर पोलादी ठशाने ठोकायचा. माझा नंबर सात. कितीतरी नद्यांवर माझे सात आहेत. मी गेल्यावरही ते राहणार, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

जोडाच्या पोटात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आत आवाज सोडतात, माणसाला ऐकू न येणारा. धड लोखंडातून तो सरळ निघून जातो, कुठे फट असली की तिथून परत फिरतो. आमच्याकडे हे काम माझा मेहुणा करायचा, हिचा धाकटा भाऊ. हातात काड्यापेटीएवढा ठोकळा, प्लेटवर चोपडलेलं वंगण आणि समोर एक छोटा पडदा. आमचा सगळा वर्कशॉप त्याला टिचकी म्हणतो, कारण तपासण्याआधी तो जोडाला बोटानं एक टिचकी मारतो. त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. का मारतोस विचारलं तर म्हणतो, ओळख करून घेतो, दाजी.

मग यंत्र आलं. चार चुंबकी चाकं, दोन्ही अंगांना आवाज सोडणारे ठोकळे, वर पाण्याची बारीक नळी आणि मागे कॉम्प्युटरपर्यंत गेलेली वायर. प्लेटला चिकटून जोडाच्या कडेकडेनं ते आपलं आपण सरपटतं. शॉपनं तासाभरात त्याचं नाव खेकडा ठेवलं. टिचकीचा ठोकळा एका कोनातून बघतो, खेकडा एकाच वेळी पन्नास-साठ कोनांतून बघतो आणि आतलं रंगीत चित्र काढून देतो. हा खेकडा चालवायला कारखान्यानं जिला नेमलं ती माझी लेक. घरात आम्ही तिला माऊ म्हणतो.

वशिला मी लावलेला नाही, हे आधीच सांगतो. तिनं दोन वर्षं घासून परीक्षा दिल्या आणि तीन माणसांसमोर बसून ती नोकरी मिळवली. फक्त नोकरी खेकड्याबरोबर बांधलेली होती. यंत्र तीन महिने परीक्षेवर आणलेलं. कामाचं निघालं तर दोघं राहणार, नाहीतर खेकडा खोक्यात आणि माऊ घरी.

पहिल्याच सकाळी गेटवर तिनं मला बजावलं की आत गेल्यावर ती मला मिस्त्री म्हणणार आणि मी तिला मॅडम म्हणायचं. म्हटलं, मी तुला अंघोळ घालायचो गं. म्हणाली, ते गेटच्या बाहेर. शॉपमधले लोक आठवडाभर पोट धरधरून हसले. मी मुद्दाम जोरात 'मॅडम' म्हणायचो आणि ती मुळीच न हसता 'बोला मिस्त्री' म्हणायची. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. डोक्यावर हेल्मेट, हातात टॅब, एवढ्या मोठ्या गर्डरवर वाकून काम करणारी आपली पोर दिसायची आणि मी मास्क खाली ओढून घ्यायचो. वेल्डरला मास्कचा हा एक फायदा आहे.

दीड महिना सगळं गोडीत चाललं होतं. खेकड्यानं बारीकसारीक ठिपके दाखवले, सगळे मर्यादेतले. आणि मग एका बुधवारी दुपारी तिनं माझ्या जोडावर खडूनं लाल चौकट काढली.

मोठ्या गर्डरच्या खालच्या पट्ट्याचा जोड. पुलावरून गाडी गेली की सगळा ताण याच पट्ट्यावर येतो. तिनं चौकटीत लिहिलं: खोली चौदा, लांबी सव्वीस. म्हणजे चौदा मिलिमीटर खाली, सव्वीस मिलिमीटर लांब, एका कडेला माझा धातू प्लेटला चिकटलेलाच नाही. शेजारी माझा सात नंबर. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

या पट्ट्याच्या जोडाला आमच्याकडे माफी नाही. एक जोड जरी नापास झाला तरी वेल्डरचं मुख्य गर्डरच्या परवान्याचं कार्ड जमा होतं, नव्यानं परीक्षा देईपर्यंत. आणि पुढच्या सोमवारी या पुलाचा शेवटचा जोड व्हायचा होता. शेवटचा जोड शॉपमधल्या सगळ्यात जुन्या वेल्डरनं करायचा, ही आमची रीत. सगळ्यात जुना मी. चार महिन्यांनी निवृत्त होणारही मीच. याच्यानंतर माझ्या हातून दुसरा पूल नव्हता. त्या सोमवारसाठी मी नवे हातमोजे आणून ठेवले होते, इतका मी येडा झालो होतो.

मी म्हटलं, खेकडा आंधळा आहे. टिचकीला बोलावलं. त्यानं टिचकी मारली, वंगण लावलं, अर्धा तास ठोकळा इकडून तिकडून फिरवला आणि म्हणाला, दाजी, मला तर काही दिसत नाही. झालं! शॉपमध्ये दोन तट पडले. खरं तर एकच तट पडला, माझा. पलीकडे माऊ एकटी उभी होती. तिनं पडद्यावरचं चित्र मॅनेजरना दाखवलं आणि शांतपणे सांगितलं की ही फट तिरकी आहे, मामांचा आवाज तिच्यावरून घसरून जात असेल, परत येत नसेल. टिचकीला ते लागलं. भाचीनं चारचौघांत मामाला शिकवलं म्हणून तो संध्याकाळी चहाला आला नाही.

मॅनेजर समजूतदार माणूस, पण त्यांनाही वरून विचारणा होती. ते म्हणाले, "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, दुसरा इलाज नाही. जोड उघडा." मग बाप समोरच उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते उगाच कागद चाळायला लागले.

त्या रात्री घरी जेवताना मी माऊशी बोललो नाही. हिला सांगितलं, मॅडमना म्हणावं मीठ इकडे सरकवा. माऊ म्हणाली, आई, मिस्त्रींना म्हणावं मीठ त्यांच्या कोपराशीच आहे. हिनं दोघांच्या मधे मीठ आदळलं आणि सांगितलं की ती काही टपालखातं नाही, बोलायचं असेल तर तोंडानं बोला, नाहीतर ताटं उचला. मी ताट उचललं. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी गोष्ट अशी की मला झोप आली नाही. कारण मी जिंकलो तर ती घरी बसणार होती. आणि तरी मला जिंकायचं होतं. अशा बापाला काय म्हणावं?

आमच्याकडे ज्याचा जोड त्यानंच तो उघडायचा. दुसऱ्यानं उघडला तर भांडणं होतात, म्हणून. गुरुवारी सकाळी मी कार्बनच्या कांडीनं चौकटीतला धातू वितळवत वरवरचा भाग काढला आणि मग ग्राइंडर घेतला. खाली खाली जाताना एकेक मिलिमीटर घासायचा, खोली मोजायची, मग लाल रंग फवारायचा. रंग फटीत शिरतो. वरचा पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारून थांबायचं. फट असली तर आतला लाल रंग वर येतो, पांढऱ्यावर रेघ उमटते. लबाडीला जागा नाही.

अकरा. बारा. तेरा. पांढरं ते पांढरंच. माऊ दोन पावलांवर टॅब छातीशी धरून उभी होती. टिचकी माझ्या डोक्यावरून वाकून खोली मोजायची पट्टी वाचत होता. "चौदा," तो म्हणाला. मी रंग मारला, पुसला, पावडर मारली. दहा मिनिटं थांबलो. एकही रेघ आली नाही.

शॉपमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. टिचकीनं माझ्या पाठीवर थाप मारली. मॅनेजरनी माऊकडे बघितलं, रागानं नाही, वाईट वाटून. आणि माऊ पटकन म्हणाली, "माझं चुकलं असेल. मी तसं लिहून देते. मिस्त्रींचा जोड चांगला आहे."

मी उठायला गुडघ्यावर हात टेकला होता. तसाच राहिलो. ही पोर? जिनं सात वर्षांची असताना फुटलेल्या बरणीच्या काचांत उभं राहून 'बरणीच घसरडी होती' असं सांगितलं होतं? 'माझं चुकलं' हे शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यात ऐकले नव्हते. आणि आत्ता कसे आले, धडाधड, कोणी न विचारता.

मी खाली बघितलं. खोली मोजायची पट्टी अजून खड्ड्यावर आडवी पडली होती. दोन्ही टोकं टेकली होती माझ्याच जोडाच्या उंचवट्यावर.

हे नीट सांगायला हवं. जोड पुरा भरला की तो प्लेटच्या वर थोडा फुगून राहतो, तीन मिलिमीटर तरी. पूर्वी आम्ही तो उंचवटा आधी घासून प्लेटशी सपाट करायचो आणि मग टिचकी तपासायचा. त्यामुळे पट्टी कुठेही टेकवा, खोली तीच. तीस वर्षांची सवय. खेकडा आल्यापासून उलटं झालं होतं, तपासणी आधी आणि सपाट करणं नंतर. आणि खेकडा चालतो प्लेटवर, उंचवट्यावर नाही. त्याची चौदा प्लेटपासून मोजलेली. माझी चौदा उंचवट्यापासून. म्हणजे मी अजून अकरावरच होतो. मी, टिचकी, मॅनेजर, शॉपमधले सगळे जुने खोंड, कोणाच्या डोक्यात आलं नाही.

खोटं कशाला बोलू, मी लगेच काही केलं नाही. ग्राइंडर हातात धरून बसून राहिलो. वरून पुन्हा भरून टाकला असता तर कोणाला कळणार होतं? सोमवारी शेवटचा जोड माझा. नवे हातमोजे कपाटात. लोक माझ्यासाठी हसत होते. मला आठवत होता तो थर. जेवणाची घंटा झाली होती, दोन मिनिटांत उरकायचं म्हणून मी कडा साफ न करता तसाच पुढे नेला होता. खाई त्याला खवखवे. आतापर्यंत मी स्वतःलाही हे सांगितलं नव्हतं.

मी माऊकडे बघितलं. ती टॅबवर आपलीच चूक लिहायला लागली होती.

"थांबा मॅडम," मी म्हटलं. "लिहू नका. मोजण्यात घोळ आहे. अजून तीन राहिलेत."

टिचकी म्हणाला, दाजी, झालं की आता, कशाला हात दाखवून अवलक्षण? मी त्याला पट्टी उचलून प्लेटवर टेकवून दाखवली. त्यानं स्वतःच्या कपाळावर एक टिचकी मारली. मी मास्क लावला आणि घासायला लागलो. बारा. तेरा. चौदाला रंग मारला, पुसला, पावडर फवारली. मिनिटसुद्धा लागलं नाही. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, केसासारखी बारीक. टिचकीनं पट्टी लावली. सव्वीस.

कोणी टाळी वाजवली नाही. मी खिशातून कार्ड काढून मॅनेजरच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मी शॉपच्या मागे नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं.

संध्याकाळी घरी आलो तर माऊ स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, पाठमोरी. मला वाटलं ती खूश असेल. तिचा खेकडा राहिला, नोकरी राहिली. मी आवाज मोकळा करून म्हटलं, "घ्या, सोनारानंच कान टोचले. चहा तरी दे आता बापाला." ती वळलीच नाही. हिनं मला खुणेनं सांगितलं, की ती घरी आल्यापासून रडतेय आणि कारण सांगत नाही.

मला वाटलं माझ्या कार्डासाठी. मी तिची समजूत घालायला लागलो, की कार्ड काय, परीक्षा देऊन परत मिळेल, शेवटचा जोड दुसरा कोणी करेल, आकाश कोसळत नाही. ती म्हणाली, "बाबा, मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"पट्टी. तुम्ही उंचवट्यावर टेकवलीत तेव्हाच दिसली होती. मी बोलले नाही."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा माझ्या डोक्यात जे काही पेटलं, तसा राग मला तीस वर्षांत आला नव्हता. तिनं मला सोमवारचा जोड द्यायचा ठरवलं होतं. स्वतःची नोकरी घालवून, स्वतःचं खरं काम खोटं म्हणून लिहून. आणि वरून ती फट पुलात ठेवून. हिनं दार लावून घेतलं, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. पण हे बोललो: "अगं, त्या पुलावरून कोणाच्या तरी लेकी जाणार आहेत. माझं कार्ड गेलं तर मी मरत नाही. तू गप्प बसलीस, ते मला मारायला पुरेसं आहे."

ती म्हणाली, "तुम्ही ते हातमोजे रोज काढून बघत होतात."

मी खुर्चीवर बसलो. पोरीनं माझ्यासाठी आपला हात तोडायला काढला होता. चूक होती, शंभर टक्के चूक होती, आणि एवढं प्रेम माझ्यावर आयुष्यात कोणी केलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माणसानं काय करावं मला माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं. हिनं दोघांच्या डोक्यांवर एकेक टपली मारली आणि म्हणाली की बाप तशी लेक, दोघांना मुळात एकमेकांशी बोलायची अक्कल नाही.

शुक्रवारी माऊ मॅनेजरकडे गेली आणि पट्टीची गोष्ट स्वतःहून सांगून आली. मी जा म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला एक लेखी समज दिली आणि नोकरीवर ठेवलं. जोड पुरता साफ करून दुसऱ्यानं पुन्हा भरला. सोमवारी शेवटचा जोडही दुसऱ्यानंच केला. चांगला हात आहे त्याचा. माझ्यापेक्षा थोडा कमी. नवे हातमोजे मी त्याला दिले आणि दिवसभर किरकोळ पट्ट्या जोडत बसलो. वाईट वाटलं का? वाटलं. दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

तीन आठवड्यांनी माझी कार्डाची परीक्षा झाली. चाळीस मिलिमीटरच्या प्लेटांचा एक तुकडा द्यायचा जोडून. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना कशाला परीक्षा, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, कार्ड नसताना घरी जायचं नाही. प्रत्येक थर जोडल्यावर कडा साफ केली. जेवणाची घंटा झाली तेव्हा थर पुरा करूनच उठलो.

खेकडा अर्थात माऊ चालवणार होती. मॅनेजर म्हणाले, वडिलांची परीक्षा आहे, हवं तर बाहेरून माणूस बोलावतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, बाहेरच्यानंही तपासावं, पण आधी ती स्वतः तपासणार. साध्या तुकड्याला वीस मिनिटं लागतात. तिनं दोन तास लावले. दोन्ही बाजूंनी फिरवला, उलटून फिरवला, यंत्र पुन्हा जुळवून फिरवला. टिचकी माझ्या शेजारी बाकावर बसून पुटपुटत होता, की एवढं तर माणसाचं ऑपरेशन करतानाही बघत नाहीत. मला घाम फुटला होता. पण आत कुठेतरी इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू.

ती कागद घेऊन आली. पास. खाली तिच्या अक्षरात एक ओळ होती: खोली बावीसला एक सूक्ष्म पोकळी, दीड मिलिमीटर, मर्यादेच्या आत, तरी नोंद केली आहे.

मर्यादेच्या आतलं लिहावं लागत नाही. कोणीच लिहीत नाही. तिनं माझ्यापुढे कागद धरला आणि माझ्या डोळ्यांत बघत उभी राहिली. मी सही केली. घरी जाऊन तो कागद हिच्या हातात दिला. ही वाचून म्हणाली, "पास झालात ना? मग हे खाली काय लिहिलंय एवढं?"

"माझ्यात काय कमी आहे ते," मी म्हटलं. "तुझ्या लेकीनं लिहिलंय. जपून ठेव."